दगडांतला वीर आणि कागदावरचा वीर

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक स्नेही जळोचीस आमच्या घरीं चार दिवस राहून गेले. पावसाळा हा आपला म्हणावयाचा. कऱ्हेच्या या टापूंत आभाळ येतें पुष्कळ आणि पडतें थोडें, त्यामुळें पाहुण्यास घरांत कोंडून ठेवण्याचें पुण्यही त्याच्या पदरीं पडत नाहीं. स्नेह्यांनीं येतांना एक जाडजूड चित्रसंग्रह बरोबर आणिला होता. जपानांत लाकडी ठशांनीं छापलेलीं जुनीं चित्रें त्यांत होतीं, आणि त्यांतलीं बहुतेक वीरपुरुषांचीं होतीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही तो संग्रह पुढें घेऊन बसलों. एका पानावर एक योद्धा दांतओठ खात, बुबुळें नाकाशीं आणून, एका अजस्र सर्पाशीं झुंजत होता. स्नेही म्हणाले, "पाहा, काय हा त्वेष!" आम्हीं सहज विचारिलें, "त्वेष कोणाचा?"

स्नेही हंसले व त्यांनीं पान उलटलें. प्रश्न मात्र उलटला नाहीं. वीराचें चित्र पाहून आपल्या मनांत जें उसळतें तें त्या वीराचें असतें, चित्रकाराचें असतें, कीं केवळ आपलेंच? आणि एक मनुष्य दुसऱ्यास मारीत आहे किंवा स्वतः मरत आहे अशा देखाव्यापासून आपण घरांत दिव्याखालीं बसून आनंद घेतों, हें कितपत नीतीस धरून आहे?

हीं चित्रें आपल्याकडील दरबारी चित्रांप्रमाणें कोणा एका धन्याच्या नजरेकरितां काढलेलीं नव्हत. चित्रकार रेखाटन करी; कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेषा कोरून काढी; छापणारा रंगागणिक निराळा ठसा घेऊन एकावर एक छाप उठवी; आणि या सर्वांच्या मागें पैसा घालणारा प्रकाशक उभा असे. एका चित्राच्या शेंकडों प्रती निघत व त्या उघड्या बाजारांत विकल्या जात. विकत घेणारें गिऱ्हाईक कोण? एदो शहरांतला, म्हणजे आजच्या टोकियोंतला, वाणी, सुतार, रंगारी. आतां यांतली खुबी अशी कीं, १६१५ सालीं ओसाकाचा किल्ला पडला त्यानंतर, शिमाबाराचें १६३७-३८ चें बंड वगळलें, तर पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या देशानें मोठें युद्ध पाहिलेंच नाहीं. कमरेस दोन तलवारी लावणारा सामुराई कचेरींत बसून हिशेबाच्या वह्या लिही, आणि शहरांतल्या उदम्यास तर त्या दोन तलवारी लावण्याचा अधिकारच नव्हता. अशा लोकांकरितां उतागावा कुनियोशी या चित्रकारानें १८२७ च्या सुमारास एका जुन्या चिनी कादंबरींतील १०८ बंडखोर वीरांचीं चित्रें काढण्यास आरंभ केला; आणि तीं इतकीं लोकप्रिय झालीं कीं, त्या वीरांच्या अंगावरचें गोंदण पाहून शहरांतले लोक आपल्या पाठीवर तसलेंच गोंदण काढून घेऊं लागले. नाकाशीं आणलेल्या त्या बुबुळांचा उगमही रणांगणांत नाहीं. तेथील काबुकी नाटकांत प्रसंग रंगास आला म्हणजे नट एकदम थबकतो, अंग ताठ करतो व डोळे तिरळे करून क्षणभर तसाच उभा राहतो. तो क्षण चित्रकारानें उचलला. म्हणजे आमच्या स्नेह्यांस जो त्वेष दिसला तो नटाचा त्वेष होता; नटानें तो कल्पिला होता, चित्रकारानें तो नटापासून घेतला होता, आणि ज्यानें तो विकत घेतला त्यानें उभ्या जन्मांत लढाई पाहिली नव्हती.

यावर जपानी लोकांस हंसावयाचें कारण नाहीं. पुण्यास चित्रशाळा निघाली ती १८७८ सालीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांपैकीं एक होते. देवादिकांच्या चित्रांबरोबर शिवाजीमहाराज, पेशवे, नाना फडणवीस यांचीं रंगीत शिळाछापाचीं चित्रें तेथून निघून महाराष्ट्रांतील माजघरांत आणि ओसरीवर गेलीं. आणि त्याच १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या सरकारानें हत्यारांचा कायदा करून परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरविलें. शस्त्र घरांतून गेलें आणि शस्त्रधाऱ्याची तसबीर घरांत आली! या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या तसबिरीकडे पाहणाऱ्याच्या मनांत जें दाटून येत असेल तें एदोंतल्या त्या सुताराहून फार निराळें नसावें. ज्याच्या हातीं तलवार असते तो तलवारीचें चित्र भिंतीवर लावीत नाहीं.

येथें प्रतीकाचा प्रश्न येतो. आपण समजतों कीं, प्रतीक हा कलावंताचा अलंकार आहे. पुष्कळदां तो त्याचा निरुपाय असतो. हिदेयोशी हा सोळाव्या शतकांतला मोठा सेनानी. त्याच्या घराण्याचा उच्छेद करूनच तोकुगावांची सत्ता पक्की झाली, त्यामुळें त्याचें चित्र काढणें सरकारास खपत नसे. उतामारोसारख्या नामांकित चित्रकारास तेवढ्याकरितां १८०४ सालीं हातांत बेड्या पडल्या. पुढें कुनियोशीनें १८४८ च्या सुमारास त्याच काळांतील वीर रंगविले, पण नांवांतलीं अक्षरें फिरवून; गिऱ्हाईकानें कवचावरच्या चिन्हावरून आणि ध्वजावरच्या भोंपळ्यावरून काय तें ओळखावें. आपल्याकडे खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां प्रेक्षकांस कीचकाच्या ठिकाणीं कोण दिसत होतें हें कोणासही सांगावें लागलें नाहीं, आणि १९१० सालीं बंदी घालून सरकारनेंच त्या अर्थावर शिक्कामोर्तब केलें. अशा वेळीं प्रतीक म्हणजे दोघांमधली खूण होते, आणि खूण पटल्याचा आनंद हा चित्रांतल्या भावापेक्षां अगदीं निराळा आनंद आहे. आम्ही तो वीररसाचा आनंद समजून चालतों, ही आमची गफलत.

मग खरा भाव कोठेंच नाहीं काय? आहे, पण तो बहुधा जेथें आरडाओरडा नाहीं तेथें आहे. कुनियोशीचा शिष्य योशितोशी यानें १८६८ सालीं एदोमध्येंच उएनोची लढाई झाली त्या सुमारास योद्ध्यांची एक चित्रमाला काढिली. यावेळीं युद्ध नाटकांतलें नव्हतें. प्रेतें शहरांतच पडलीं होतीं. त्या चित्रांतले वीर रक्तानें माखलेले आहेत, पण त्यांच्या तोंडावर त्वेषाहून थकवा अधिक आहे. कांहींच्या डोळ्यांत तर सरळ भीति आहे. नांवें जुन्या वीरांचीं दिलीं आहेत, तोंडें मात्र कालचीं आहेत. स्नेह्यांनीं तीं पानें भरभर उलटलीं. "हीं तितकीं चांगलीं नाहींत," असें ते म्हणाले.

दुसरें एक चित्र आम्हीं फार वेळ पाहिलें. समुद्रांत घोड्यावर बसून एक तरुण योद्धा आपल्या नौकांकडे चालला आहे. किनाऱ्यावरून दुसरा योद्धा हातांतला पंखा उंच करून त्यास परत बोलावीत आहे. एवढेंच. ही ११८४ च्या इचि-नो-तानीच्या लढाईंतली गोष्ट, आणि जपानांत ती पोरासोरांसही ठाऊक. तरुणाचें नांव आत्सुमोरी, बोलावणाऱ्याचें कुमागाइ. तरुण परत फिरतो. कुमागाइ त्यास खालीं पाडतो, शिरस्त्राण काढून पाहतो तों आपल्या मुलाच्या वयाचा सोळा-सतरा वर्षांचा पोर! सोडून द्यावें असें मनांत येतें, पण मागून स्वपक्षाचे स्वार येत असतात. ते याला सोडणार नाहींत हें जाणून तो स्वतःच त्याचा शिरच्छेद करतो. मागाहून त्या पोराच्या कमरेस बांसरी सांपडते. पुढें कुमागाइ शस्त्र टाकून भिक्षु झाला. आतां चित्रांत यांतलें कांहींही नाहीं. रक्त नाहीं, बांसरीचें गाणें नाहीं, अश्रु नाहींत. आहे तो एक उघडलेला पंखा. ज्यास गोष्ट ठाऊक नाहीं त्यास तो पंखा म्हणजे स्वागताची खूण वाटेल. ज्यास ठाऊक आहे त्याचा हात मात्र, त्या पंख्यास खालीं ओढावा म्हणून, नकळत पुढें होतो. येथें भाव चित्रांतल्या कोणाच्याच चेहऱ्यावर नाहीं; तो आपल्याजवळच्या माहितींत आहे, आणि चित्रकारानें मोठ्या विश्वासानें तो आपल्याकडे सोंपवून दिला आहे.

सोळा वर्षांचा वीर म्हटला म्हणजे मराठी मनुष्यास अभिमन्यु आठवावयाचाच. आणि आमच्या जळोचीच्या शेजारीं, बारामतींत, तर तो अधिकच आठवावा. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें मोरोपंत (१७२९–१७९४) येथें राहिले, आणि सबंध महाभारत त्यांनीं आर्येंत उतरविलें. द्रोणपर्वांतला तो प्रसंग कीर्तनांतून आणि चित्रांतून आमच्या परिचयाचा आहे: हातीं रथाचें चाक, भोंवतीं महारथींचा वेढा. परंतु आमच्या चित्रांत आम्हांस एक उणीव नेहमीं जाणवते. त्या महारथींपैकीं कोणीही शिरस्त्राण काढून त्या पोराचें तोंड पाहत नाहीं. आमच्यांत कुमागाइ नाहीं. आमच्या परंपरेंत जेत्याचा पश्चात्ताप नाहीं असें नव्हे. शांतिपर्वाच्या आरंभींचा युधिष्ठिर काय आणि कलिंगाच्या संहारानंतर शिळेवर खेद कोरविणारा अशोक काय, जगांत याहून थोर उदाहरणें थोडीं असतील. पण तसबीर काढावयाची म्हटली कीं आम्ही चाकच काढतों. असें कां व्हावें, याचा उलगडा आम्हांस झालेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्नेह्यांस घेऊन आम्ही फिरावयास निघालों. जवळच्या एका गांवीं (नांव मुद्दाम देत नाहीं) देवळाच्या आवारांत एक वीरगळ उभा आहे. वाचकांनीं असे दगड पुष्कळ पाहिले असतील. आमच्या बारामती-इंदापूर भागांतच काय, साऱ्या महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ते विखुरले आहेत. कोठें देवळाच्या भिंतीशीं टेंकलेले, कोठें पाराखालीं, कोठें पाणवठ्यावर धुणें धुण्याच्या कामास लागलेले. शिलाहार-यादवांच्या काळांतले पुष्कळ, त्याच्या आगचे-मागचेही कांहीं. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नावांची समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. पण बहुतेकांवर अक्षर नाहीं. इंदापूरच्या लढाईंत पडलेल्या मालोजीराजांचें स्मारक इंदापुरांत आहे, कारण त्यांचा नातू शिवाजी झाला. ज्यांचे नातू नांगर धरूनच राहिले, त्यांच्या वांट्यास हा बिननांवाचा दगड आला.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. सर्वांत खालच्या पटांत वीर आडवा पडलेला असतो, कधीं बाजूस गाईही असतात. त्यावर लढाई. त्यावर दोन अप्सरा त्यास दोहों बाजूंनीं धरून वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढें हात जोडून बसला आहे. माथ्यावर कलश, आणि कडेस सूर्य व चंद्र, कां कीं ते असेपर्यंत याची कीर्ति राहावयाची. स्नेह्यांनीं जवळ जाऊन चेहरा न्याहाळिला आणि ते निराश झाले. चेहऱ्यावर कांहींच नव्हतें. शेंकडों वर्षांच्या पावसानें आणि शेंदरानें तो झिजला होता हें खरेंच. पण आम्हांस वाटतें, मुळांतही तेथें फारसें कांहीं नसावें. या दगडांवर मारणारा आणि मरणारा यांचीं तोंडें बहुधा सारखींच असतात. कोरणाऱ्या पाथरवटास चेहऱ्याची गरजच नव्हती. त्याला जें सांगावयाचें होतें तें त्यानें पटांच्या क्रमांत सांगितलें. भाव तोंडावर नाहीं, चढण्यांत आहे.

भरतानें वीराचा स्थायी भाव उत्साह सांगितला आणि रौद्राचा क्रोध. हा भेद आपण तोंडपाठ म्हणतों आणि चित्र पाहतांना विसरतों. कुनियोशीचा तो सर्पाशीं झुंजणारा योद्धा रौद्राचा आहे. वीरगळावरचा मनुष्य रौद्राचा नाहीं. तो खालीं वीर असेल, वर जाईपर्यंत शांत होतो. पण मग करुण कोठें गेला? मनुष्य मेला आणि कोणीं रडलेंच नाहीं काय? स्नेही वकील आहेत; त्यांनीं हाच मुद्दा धरिला. ते म्हणाले, "हा दगड म्हणजे लबाडी आहे. राजास माणसें मरावयास हवीं, म्हणून स्वर्गाची हुंडी दगडावर लिहून दिली आहे. खालचा पट पाहून कोणी माघार घेईल, म्हणून वरचे तीन पट."

हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. विशेषतः त्या दगडाच्या शेजारीं दुसरा जो दगड होता त्याकडे पाहिल्यावर आमचा आवाज खालीं आला. त्यावर कोपरांत वांकलेला, बांगड्यांनीं भरलेला एक हात कोरला होता. सती गेलेल्या स्त्रीची ती खूण. पुरुषास चार पट मिळाले, अप्सरा मिळाल्या, देव मिळाला. त्या बाईस हातापलीकडे शरीरही मिळालें नाहीं. तिला काय वाटलें हें विचारण्याची सोय त्या प्रतीकानें ठेविलेलीच नाहीं. १८२९ सालीं ती चाल कायद्यानें बंद झाली, पण आजही असा हात दिसला कीं आम्ही हात जोडतों आणि पुढें जातों. प्रतीक दुःखास अर्थ देतें म्हणतात. कधीं कधीं तें दुःखाच्या तोंडावर हात ठेवतें.

तथापि पहिल्या दगडाविषयीं आमचे आणि स्नेह्यांचे मत जुळलें नाहीं. आमचें म्हणणें असें. हे दगड सारेच राजांनीं उभारिलेले नाहींत. गांवचीं गुरें कोणी हांकून नेऊं लागला, त्यांस आडवा गेला आणि पडला, अशा माणसाचे यांत कितीतरी आहेत. शेजाऱ्याच्या गाईंकरितां मेलेल्याचा दगड राजा कशाला उभारील? तो त्याच्या भावानें, बापानें, फार तर गांवानें उभारिला. ज्यास दुसऱ्याला मरावयास पाठवावयाचें आहे त्यानें सांगितलेला स्वर्ग आणि ज्याचें माणूस गेलें आहे त्यानें आपल्याच मनास सांगितलेला स्वर्ग, हे शब्दांनीं एक असले तरी नीतीनें एक नाहींत. पहिला सौदा आहे. दुसऱ्यास काय म्हणावें हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण लबाडी खास म्हणवत नाहीं. तोच अप्सरांचा पट एका दगडावर खोटा आणि दुसऱ्यावर खरा असूं शकेल, आणि दगडाकडे नुसतें पाहून तें ओळखतां येणार नाहीं. म्हणूनच चिन्हांचे कोश करून चित्रांचे अर्थ लावणाऱ्यांचा आम्हांस फारसा भरंवसा वाटत नाहीं. चेरीचें फूल म्हणजे अल्पायुषी सामुराई, चंद्रसूर्य म्हणजे अक्षय कीर्ति, हें सर्व बरोबर आहे. पण कोण कोणास सांगत आहे हें कळल्यावांचून तें बरोबर असून उपयोग काय?

आमचा वाद चालला असतां एक म्हातारी तेलाची वाटी घेऊन आली. त्या दगडास ती म्हसोबा म्हणते. आम्हीं, मास्तरकीची जुनी खोड, तिला सर्व पट समजावून दिले: आजी, हा म्हसोबा नव्हे, हा लढाईंत पडलेला माणूस, या अप्सरा, हा महादेव. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "मंग ह्यो कुनाचा ल्योक, मास्तर?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. स्नेह्यांसही आलें नाहीं. इतका वेळ आम्ही दोघे त्याच्या क्रोधाविषयीं, उत्साहाविषयीं, त्याच्या स्वर्गाविषयीं बोलत होतों. तो कोणाचा तरी मुलगा होता हा विचार आमच्या मनांत आला नव्हता. म्हातारीनें खालीं वांकून आधीं आडव्या पडलेल्या मूर्तीस तेल लाविलें. वरच्या पटांपर्यंत तिचा हात पोंचत नव्हता; तिकडे तिनें नुसता नमस्कार केला.

यंदा चैत्रांत पुन्हा त्या बाजूस जाणें झालें. गांवानें वर्गणी काढून देवळाचा जीर्णोद्धार केला आहे. आवारांत फरशी आली, ओटा मोठा झाला, आणि वीरगळ भिंतीशीं सरळ उभा करून पक्का बसविला आहे. त्यास चांगला केशरी तैलरंग दिला आहे. काम करणाऱ्यांनीं आदरानेंच केलें आहे, त्यांत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. फक्त दगड पक्का बसावा म्हणून तो हातभर खोल पुरावा लागला, आणि त्यांत खालचा पट सिमेंटांत गेला. आतां लढाई दिसते, अप्सरा दिसतात, महादेव दिसतो. आम्हीं स्नेह्यांस तसें पत्रीं कळविलें आहे. ओट्याच्या कडेस, दगड जेथें सिमेंटांत शिरतो तेथें, तेलाचा एक ओघळ वाळलेला होता.